साखरेच्या पंगतीतलं उष्टं

‘पावाचं पीठ रात्रभर डब्यात राहिलं की त्याला दारूसारखा वास का येतो?’ असं एका वाचक भगिनींनी विचारलंय. गोळ्याच्या आतली हवा लवकर संपते, हे एक कारण. पण हवा खेळती ठेवली तरी यीस्ट हेच करतं! भरपूर ग्लुकोज दिसलं की तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, कामाची बरीच जनुकं ते मिटवून ठेवतं आणि साखर घाईघाईने आंबवून अल्कोहोल करतं. ऊर्जा कितीतरी कमी मिळते, तरीही.

पंगतीत एखादं कार्टं ताटातल्या सगळ्या जिलब्यांना एकेक चावा लावून ठेवतं. उष्ट्याला कोण हात लावणार? मग सावकाश संपवता येतं. यीस्टचंही तसंच: अल्कोहोल बहुतेक जिवाणूंना सोसत नाही. साखर संपली की यीस्ट तेच उष्टं खायला घेतं, आणि ते जाळायला तंतुकणिकाच लागतात. वाढ काही काळ थबकते, तंतुकणिकांचं जाळं पेशीत दाट होतं. १९९७ मध्ये डीरिसी, अय्यर आणि ब्राउन या संशोधकांनी यीस्टची जवळपास सगळी जनुकं एका काचपट्टीवर मांडून हा पालट टिपला.

माझा जीव मात्र १९४९ च्या फ्रान्समध्ये अडकलाय. बोरिस एफ्रुसी या जनुकशास्त्रज्ञांना ग्लुकोजवर वाढवलेल्या यीस्टमध्ये अधूनमधून खुरट्या वसाहती दिसत. अ‍ॅक्रिफ्लेविन हे रंगद्रव्य घातलं की जवळपास सगळ्याच खुरट्या. त्यांचं श्वसनच बंद पडलं होतं. निरोगी यीस्टशी संकर केला तर संतती निरोगी निघे, केंद्रकातल्या जनुकांचं मेंडेलचं गुणोत्तर कुठेच नाही. म्हणजे दोष केंद्रकाबाहेरचा! तो तंतुकणिकांच्या डीएनएत होता; पण तंतुकणिकांत डीएनए आहे हे कळायलाच १९६३ उजाडलं. आपल्या पेशींचं श्वसन असं थांबलं तर खेळ खलास. साखरेवर यीस्ट खुरटत का होईना जगतं, म्हणून हा शोध लागला.

१९५८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये एफ्रुसींचे जुने सहकारी, जनुकशास्त्रज्ञ बीडल होते. जनुकं पेशीतल्या रासायनिक क्रिया ठरवतात, या ज्या विचाराबद्दल ते मिळालं, त्याची सुरुवात १९३५ मध्ये पॅरिसला एफ्रुसींसोबत फळमाशीच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांतून झाली होती. एफ्रुसींचं नाव मात्र यादीत नव्हतं.

आजही यीस्टचं श्वसन शाबूत आहे का हे पाहायला ते ग्लिसरॉलच्या बशीवर लावतात. ग्लिसरॉल आंबवता येत नाही, म्हणून खुरट्यांना तिथे वाढताच येत नाही. एफ्रुसींनी त्यांना फ्रेंचमध्ये ‘पतीत’, म्हणजे चिमुकली, म्हटलं होतं. मराठी कानाला ते ‘पतित’च ऐकू येतं.