चामड्याएवढी जमीन

सत्ता मिळविण्याची विद्या आणि ती टिकविण्याची विद्या एकच, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पहिलीला धाडस पुरतें. दुसरीला स्वतःच्या बळाची अचूक जाणीव लागते. हा भेद मोठ्या साम्राज्यांपेक्षां लहान संस्थानांच्या इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतो. मोठ्या राज्याच्या चुका त्याच्या विस्तारांत झांकून जातात. लहान राज्याला एक चूकहि पचत नाहीं. पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा हा डोंगराळ मुलूख अशाच एका लहान राज्याचा होय. तेथें सुमारें सहा शतकें महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याची सत्ता होती.

या राज्याच्या स्थापनेची दंतकथा मोठी बोधप्रद आहे. घराण्याचा मूळ पुरुष जयबा जव्हारच्या वारली अधिपतीकडे गेला आणि त्यानें एका बैलाच्या चामड्याखालीं मावेल एवढीच जमीन मागितली. एवढ्याशा मागणीला नकार कोण देणार? शब्द मिळतांच जयबानें चामड्याची बारीक वादी काढली आणि तिनें सारा गड वेढून घेतला. कार्थेज नगरी वसविणाऱ्या डायडो राणीविषयींहि हीच कथा सांगतात. तेव्हां हिला इतिहास म्हणतां येणार नाहीं. परंतु महत्त्वाकांक्षा नेहमीं लहान मागणीचा वेष घेऊन दारांत येते, हा अनुभव सर्व देशांतील लोकांना आला असला पाहिजे.

जव्हारच्या कथेचा शेवट मात्र अधिक विचार करण्याजोगा आहे. फसलेल्या वारली अधिपतीला जयबानें देशोधडीला लावलें नाहीं. त्याला गंभीरगड आणि भोंवतालचा प्रदेश दिला, असें परंपरा सांगते. पराजिताला उभें राहण्यापुरती जागा ठेवावी, हें शहाणपण चामडें कापण्याच्या युक्तीपेक्षां दुर्मिळ होय.

जयबाचा पुत्र नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानानें १३४३ सालीं राजा ही पदवी दिली. हा प्रसंग इतका महत्त्वाचा मानला गेला कीं, त्या वर्षाच्या ५ जूनपासून जव्हार राज्यांत स्वतंत्र कालगणना सुरू झाली. त्या काळीं राज्यांत २२ किल्ले होते व उत्पन्न ९ लक्षांचें होतें, असें सांगतात. दूरच्या बलिष्ठाची मान्यता जवळच्या शत्रूंना धाक घालते. परंतु ती ढाल उसनी असते. देणाऱ्याचें बळ सरलें कीं तिचाहि उपयोग सरतो.

पुढें याचा प्रत्यय आला. १६६४ सालीं सुरतेच्या वाटेवर असतांना शिवाजी महाराजांची व विक्रमशहाची भेट जव्हारनजीक शिरपामाळ येथें झाली, आणि राजानें महाराजांना मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे. परंतु १६७२ सालीं मोरोपंत पिंगळे यांनीं जव्हार जिंकून घेतलेंच. सुरतेच्या वाटेवरील डोंगर स्वराज्याला हवे होते. राजकारणांत स्नेह खोटा नसतो, पण तो भूगोलापेक्षां बलवान क्वचितच ठरतो. राज्य पुढें टिकलें, परंतु मुलूख घटत गेला. इंग्रजी अंमलांत तो अवघा ३१० चौरस मैल उरला होता.

शेवटचे अधिपती यशवंतराव मुकणे यांच्या कारकीर्दींत १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९६२ सालीं तेच भिवंडी मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. वंशपरंपरेनें आलेली सत्ता सोडून तीच प्रजेकडे मतांच्या रूपानें मागण्यास मनाची निराळी तयारी लागते.

येथवरची कथा राज्यकर्त्यांची झाली. परंतु सत्तेचें खरें माप तिच्याखालीं राहणाऱ्यांच्या घरांत घ्यावें लागतें. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर यांच्या पाड्यांवर राजे बदलल्यानें चूल बदलत नव्हती. शेजारच्या डहाणू व उंबरगांव भागांत वारल्यांना १९४५ सालीं वेठबिगारीविरुद्ध उठावें लागलें. पुढें राजेशाही गेली, लोकशाही आली. तरीहि १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणानें बालकें दगावलीं, तेव्हां सारा महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांच्या मोटारी त्या पाड्यांपर्यंत पोहोंचल्या त्या मुलें गेल्यानंतर. २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा निराळा जिल्हा झाला, त्यामागें शासन या डोंगरांच्या जवळ यावें हाच हेतु होता.

राज्यकर्ता दुष्ट असल्यामुळेंच प्रजेचे हाल होतात असें नाहीं. आपल्याजवळ येणाऱ्यांचीं तोंडें पाहून तो साऱ्या मुलुखाची कल्पना करतो. आणि उपाशी मनुष्य दरबारांत क्वचितच येतो. हा दोष राजापुरता नाहीं. संस्थेच्या चिटणिसापासून घरच्या कर्त्या पुरुषापर्यंत, ज्याच्या हातीं थोडाहि अधिकार आहे, त्या प्रत्येकाला तो जडूं शकतो. जयबानें चामड्याची वादी ताणली ती आपली जमीन वाढविण्यासाठीं. अधिकार हातीं आल्यावर तीच वादी शेवटच्या पाड्यापर्यंत पुरते कीं नाहीं, हें पाहणें अधिक कठीण, आणि अधिक अगत्याचें होय.