जाड कापडासाठी शिलाई मशीन

नागपूर हे कापडाचे जुने शहर आहे. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल येथे १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आज ती गिरणी बंद आहे; पण कापडाशी असलेले शहराचे नाते तुटलेले नाही. गांधीबागेत कापडाचा मोठा व्यापार चालतो. अनेक वस्त्यांमध्ये घरोघरी शिलाईचे काम होते. शाळा उघडण्याच्या सुमारास दप्तरे शिवली जातात. (घरी तुम्ही ज्याला बस्ता म्हणता, तेच मराठीत दप्तर.) पावसाळ्यापूर्वी ताडपत्री आणि थंडीपूर्वी रजया शिवून तयार होतात. ही सारी कामे जाड कापडाची आहेत.

समजा, एखाद्या घरातील आईने दप्तरे शिवण्याचे काम घेतले. मजुरी नगावर मिळणार. साठवलेल्या पैशांतून घरात नवी, सुंदर, हलकी मशीन आली. पण रेक्झिनचे चार थर एकत्र आले, की मशीन अडते. कधी टाका सुटतो, कधी सुई मोडते. मग मिळालेली मजुरी सुयांवर आणि दुरुस्तीवर खर्च होते. असे का होते? हे समजण्यासाठी मशीन टाका कसा घालते, ते पाहू.

एलायस हौ या अमेरिकन कारागिराने १८४६ मध्ये दोन धाग्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आयझॅक सिंगर याने १८५१ मध्ये आपल्या सुधारलेल्या यंत्राचे पेटंट मिळवले. आजही साध्या मशीनचा टाका त्याच तत्त्वावर पडतो. वरचा धागा घेऊन सुई कापडाखाली जाते. ती किंचित वर येताच धाग्याचा छोटा फास तयार होतो. खालच्या शटलचे टोक तो फास पकडते आणि बॉबिनच्या धाग्याभोवती फिरवते. दोन्ही धागे कापडाच्या आत एकमेकांत अडकतात.

आता जाड कापडात काय होते ते पाहा. बारीक सुई वाकते आणि आपल्या जागेवरून थोडी सरकते. शटलला फास सापडत नाही, म्हणून टाका सुटतो. सुई जास्त वाकली, तर ती लोखंडी पट्टीवर आदळून मोडते. म्हणून जाड कापडाला जाड सुई हवी. सुईचा क्रमांक जितका मोठा, तितकी सुई जाड. पातळ कापडाला ११ क्रमांकाची सुई चालते. जीन्स किंवा कॅनव्हासला १६ किंवा १८ क्रमांकाची लागते. धागाही मजबूत हवा. टाका थोडा लांब, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर ठेवावा. रेक्झिनवर टाके फार जवळजवळ घातले, तर छिद्रांची ओळ तयार होते आणि रेक्झिन तेथेच फाटते.

पण केवळ सुई बदलून भागत नाही. मशीन निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, मशीन वजनदार असावी. ओतीव लोखंडाची मशीन काम करताना कमी हलते. दुसरी, आतील चक्रे धातूची असावीत. प्लॅस्टिकची चक्रे जोर पडल्यावर लवकर झिजतात किंवा तुटतात. तिसरी, कापड दाबणारा पाय पुरेसा उंच उचलला जावा, नाहीतर जाड थर त्याखाली जाणारच नाहीत. चौथी, कापड पुढे सरकवणारे दाते मजबूत असावेत.

पायाने चालणाऱ्या मशीनला कमी समजू नये. तिचे जड चाक एकदा फिरू लागले, की त्याच्या वेगाचा जोर सुईला मिळतो. अवघड जागी हाताने चाक फिरवून एकेक टाका घालता येतो. शिवाय वीज गेली तरी काम थांबत नाही. अशी जुनी पण चांगल्या स्थितीतील मशीन कमी पैशांत मिळाली, तर ती नव्या नाजूक मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडते. मात्र रोज दिवसभर चामडे किंवा ताडपत्री शिवायची असेल, तर कारखान्यात वापरतात तशी मोठी मशीनच घ्यावी.

दुकानात जाताना आपल्या कामाचे कापड सोबत न्यावे. दुकानदार बहुधा पातळ सुती तुकड्यावर शिवून दाखवतो. त्यावर सगळ्याच मशीन छान चालतात! आपण आपल्याच कापडाच्या दोन, चार, सहा घड्या करून शिवून पाहाव्यात. टाके दोन्ही बाजूंनी सारखे आहेत का, मशीन कुठे अडते का, हे नीट तपासावे. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळेल का, हेही विचारावे.

यंत्रांच्या अतिरेकाला विरोध करणारे महात्मा गांधी शिवणयंत्राला मात्र अपवाद मानत. १९२४ मधील एका संवादात त्यांनी या यंत्राची प्रशंसा केली होती. माणसाचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते. आपल्या घरात येणारी मशीनही अशीच असावी. तिचा रंग आणि चमक पाहण्याआधी, आपल्या कामाचे ओझे ती पेलेल का, हे पाहावे.