घसारा : एका मोटारीच्या तीन किमती

दांडिया बाजारातील माझ्या दवाखान्यात सत्तावीस वर्षे ज्यांनी कंपाउंडर म्हणून साथ दिली, ते २०२४ च्या एप्रिलमध्ये एके संध्याकाळी संकोचून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण नवी गाडी घेणार असे ऐकतो. जुनी मला द्याल का? मंडळींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. रिक्षातले त्यांचे हाल बघवत नाहीत. पण किंमत योग्य तीच सांगा."

या 'योग्य' शब्दाने माझी झोप उडवली. गाडी मी २०१९ च्या एप्रिलमध्ये सहा लाखांना घेतली होती. आता तिचे मोल काय?

प्रथम मी माझी हिशोबाची वही उघडली. आयकरासाठी मोटारीवर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. गाडी वर्षात १८० दिवसांहून कमी वापरली, तर त्याच्या निम्मा. घरगुती वापराचा वाटा अर्थातच वजावटीस पात्र नसतो. हा घसारा मूळ किमतीवर नव्हे, तर उरलेल्या शिलकीवर आकारतात. पहिल्या वर्षी ९०,००० रुपये गेले, पाचव्या वर्षी सुमारे ४७,०००. पाच वर्षांअंती वहीत उरले २,६६,२२३ रुपये.

वैद्यकबंधूंना ही रीत परिचित वाटेल. बहुतेक औषधे शरीरातून अशीच उतरतात : ठराविक काळात ठराविक प्रमाण. १५ टक्क्यांच्या हिशोबाने मोटारीचा अर्धायुकाल सुमारे सव्वाचार वर्षे येतो. दुसरी रीत समान हप्त्याची, म्हणजे रक्तातून मद्य उतरावे तशी, दर वेळी सारखीच रक्कम. दहा वर्षांनी एक लाख उरतील असे धरले, तर दरसाल ५०,००० घटून पाच वर्षांनी साडेतीन लाख शिल्लक दिसतात. गाडी तीच; रीत बदलली की आकडा बदलतो.

दुसरी किंमत विम्याच्या कागदावर होती. विम्याच्या प्रचलित कोष्टकात सहा महिन्यांपर्यंत ५, वर्षापर्यंत १५, मग दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. पुढे उभयपक्षी ठरवावे लागते. माझ्या पॉलिसीवर तीन लाख होते. हप्ता वाचवण्यासाठी हा आकडा कमी लावून घेणारे पुष्कळ आहेत. पण गाडी चोरीस गेली वा पुरती मोडली, की भरपाईही तेवढीच मिळते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

तिसरी किंमत बाजाराची. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने टायर, सर्व्हिसची नोंदवही आणि ३८,००० किलोमीटरचा आकडा पाहून ३,३०,००० देऊ केले.

दुसऱ्या दिवशी मी उदारपणाच्या भरात कंपाउंडरांना वहीतली किंमत सांगितली. ते क्षणभर थांबले व म्हणाले, "साहेब, तो आकडा आपल्या कराचा. गाडी त्याहून चांगली आहे, हे मलाही दिसते. उपकार नकोत."

मी वरमलो. घसारा म्हणजे गाडीची किंमत नव्हे. आपण तिचा जो उपभोग घेतला, त्याची वर्षावार केलेली वाटणी आहे, हे मला त्या वेळी उमगले. अखेर व्यापाऱ्याच्या किमतीतून नव्या टायरांचे २२,००० वजा करून ३,०८,००० ठरले; तेही हप्त्यांनी, बिनव्याजी. बिनव्याजाला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही.

फॉर्म २९ व ३० भरून गाडी त्यांच्या नावे केली आणि विमा बदलून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करवला. जुनी गाडी देताना हे दोन सोपस्कार कुणीही उद्यावर टाकू नयेत.

मंगळवारी व शुक्रवारी सकाळी ती गाडी माझ्या दारावरून जाते. माझ्या वहीतून ती केव्हाच वजा झाली आहे. मागच्या आसनावरून एक हात मात्र न चुकता हलतो, आणि त्याला घसारा कोणत्या दराने लावावा, हे मला ठाऊक नाही.