हाऊसिंग बोर्डाच्या बिल्डिंगी वाचताना
(उपनगरांची घडण : लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण खारदांड्याचा कोळीवाडा पाहिला. तिथली घरं, गल्ल्या, मासळी वाळवायच्या जागा पिढ्यानपिढ्यांच्या गरजेतून घडत गेल्या. खार स्टेशन ओलांडून पूर्वेला निर्मलनगर, खेरनगरकडे आलं की नेमकं उलट दिसतं. इथे आधी धोरण ठरलं, मग नकाशे निघाले आणि शेवटी माणसं राहायला आली. या वसाहती आज म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, म्हणून ओळखल्या जातात. म्हाडा १९७७ची, पण तिच्या आधी १९४८च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ आलं होतं. म्हणून जुने रहिवासी अजूनही ‘हाऊसिंग बोर्डाच्या बिल्डिंगी’ म्हणतात.

या बिल्डिंगींमागे एक राजकीय विचार होता. जानेवारी १९५५ मध्ये मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याआधीच, १९५२ मध्ये, औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी केंद्राची अनुदान योजना आली होती. पुढे अल्प आणि मध्यम उत्पन्न गटांसाठीही योजना निघाल्या. वांद्रे पूर्वेच्या ‘एमआयजी’ क्रिकेट क्लबच्या नावात तो मध्यम उत्पन्न गट आजही टिकून आहे. माणसाचं घर बाजारावर न सोडता ते शासनाचं काम मानणं, हा या वास्तुकलेचा पाया.

मग या बिल्डिंगी इतक्या साध्या, एकसारख्या का? कारण सिमेंट आणि पोलाद दोन्ही टंचाईचे होते; सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं ते १९८२ मध्ये. नक्षीकामाला पैसा नव्हता, तेव्हा वास्तुकाराचं कसब मापात आणि मांडणीत दिसतं. अशा जुन्या बिल्डिंगीच्या जिन्यात उभे राहून पाहा. भिंतीत सिमेंटची जाळी असते. तिच्यातून उजेड येतो, वारा खेळतो, दिवसा दिवा लावावा लागत नाही आणि काचेचा खर्चही वाचतो. खिडकीवरचा रुंद छज्जा भर पावसातही झडप उघडी ठेवू देतो. मजले बहुधा तळमजल्यावर तीन, कारण एवढे जिने माणूस चढू शकतो. लिफ्टचा खर्च येत नाही. घर लहान असलं तरी दोन इमारतींमध्ये मैदान सोडलेलं असतं. क्रिकेट, गणपतीचा मांडव, लग्नाची पंगत, सगळं तिथेच. घरात जी जागा देता आली नाही ती बाहेर दिली, हा या नकाशांचा सगळ्यात मोलाचा विचार.

हे जपायचं म्हटलं की कायदा आडवा येतो. केंद्रीय कायद्याने प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. एवढं वय नसलेल्या वास्तूंचं काय होतं ते पाहा. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शन दालन १९७२चं; वास्तुकार राज रेवाल, अभियंता महेंद्र राज. जगभरातून विरोध होऊनही एप्रिल २०१७ मध्ये ते पाडलं गेलं. परदेशातही तेच : पूर्व बर्लिनचा १९७६चा ‘पलास्ट डेर रेपुब्लिक’, म्हणजे पूर्व जर्मनीच्या संसदेचा प्रासाद, २००८ पर्यंत नाहीसा झाला. एवढ्या नामवंत वास्तूंची ही गत. खेरनगरच्या बिनचेहऱ्याच्या बिल्डिंगीला कोण विचारणार? वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर उच्च न्यायालयाचं नवं संकुल यायचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा पायाभरणी समारंभ झाला. म्हाडाच्या वसाहतींमध्ये वाढीव चटईक्षेत्रामुळे पुनर्विकासाचे बोर्ड लागतच आहेत.

रहिवाशांना मोठं घर हवंय, आणि ते रास्तच आहे. स्लॅब गळतात, सळया गंजतात, म्हाताऱ्या माणसांना तीन जिने चढवत नाहीत. प्रत्येक इमारत राखा, असं मी म्हणणार नाही. पण तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पाडण्याआधी प्रत्येक वसाहतीचे नकाशे, मोजमापं आणि छायाचित्रं सरकारी दप्तरात जमा व्हावीत. उपनगरातला अशा बिल्डिंगींचा एखादा पुंजका मैदानासकट दुरुस्त करून राखावा. आणि पुनर्विकासात मैदानाचं क्षेत्रफळ कमी होऊ नये, कारण खरा वारसा तिथेच आहे. नव्या टॉवरमध्ये घर दुप्पट झालं आणि मुलांना खेळायला पार्किंगचं छप्पर उरलं, तर रहिवाशांनी कमावलं कमी, गमावलं जास्त.

सरकारची वाट न पाहता तुम्हालाही काही करता येईल. तुमची बिल्डिंग पुनर्विकासात जाणार असेल तर जिना, जाळी, मैदान यांचे फोटो काढा. वडिलांच्या नावाचं वाटपपत्र, जुना नकाशा, सोसायटीच्या पहिल्या सभेचं इतिवृत्त यांच्या प्रती करून ठेवा. घर कधी आणि कसं मिळालं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढा. घरं रिकामी करण्याची नोटीस आल्यावर या कामाला वेळ मिळत नाही. ते याच महिन्यात सुरू करा.

(पुढच्या लेखांकात : आचऱ्याचे वास्तुकार अच्युत कानविंदे आणि स्वतंत्र भारताच्या प्रयोगशाळा)