हेडफोन बदलण्याआधी सेटिंग बदला!

इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड जमा झाला आणि मी लगेच एक महागडा हेडफोन कार्टमध्ये टाकला. कारण होतं बाबांचा टोमणा. मी मोबाइलवर लावलेला भीमसेन जोशींचा अभंग ऐकून ते म्हणाले होते, "पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येतोय. तानपुरा कुठे गेला यातला?"

पैसे भरण्याआधी सहज ॲपची सेटिंग्ज उघडली. बघते तर काय, 'डेटा सेव्हर' ऑन! फर्स्ट इयरला रोजचा दीड जीबी पुरवायचा म्हणून मीच तो चालू केला होता. पुढे घरी वायफाय आलं, पण गाणी मात्र उपाशीच राहिली.

तुमचंही असंच झालं असेल, तर आज एवढं कराच.

क्वालिटी वाढवा : स्पॉटिफायवर प्रीमियम असेल तर प्लॅननुसार ३२० केबीपीएस किंवा त्याहूनही वर जाता येतं, फ्री असेल तर मोबाइलवर १६०. वायफाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड यांची सेटिंग्ज वेगवेगळी असतात, तिन्ही तपासा. जुनी डाउनलोड केलेली गाणी काढून पुन्हा उतरवा. आणि हो, ३२० वर तासाला साधारण १४४ एमबी जातात, म्हणून हा थाट वायफायवरच.

वायर वापरून बघा : ब्लूटूथ गाणं पुन्हा एकदा दाबून पाठवतं. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस गाणी मिळतात, पण साध्या ब्लूटूथवर त्यांचा पूर्ण फायदा होत नाही. फोनला गोल जॅक नसेल तर छोटा अडॅप्टर मिळतो.

स्पीकर हलवा : कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर नुसता घुमतो. तो भिंतीपासून थोडा पुढे, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवा. रिकाम्या खोलीत आवाज आदळतो. जाड पडदा, गादी, चटई यांनी फरक पडतो.

बेस बूस्ट बंद करा : गाणं आधी जसं आहे तसं ऐका, मग काय वाढवायचं ते ठरवा.

हे सगळं केलं आणि माळ्यावरून बाबांची जुनी म्युझिक सिस्टिम काढली. धूळ पुसली, ऑक्सची वायर जोडली, तोच अभंग लावला. बाबा पेपर वाचत होते. थोड्या वेळाने पेपर खाली आला, डोळे मिटले. मी विचारलं, "आला का तानपुरा?"

"गप्प बस," ते म्हणाले, "ऐकू दे."

कार्ट रिकामं केलंय. स्टायपेंड अजून खात्यातच आहे!