नाकतोडा : ओळख व राखण

बागेंत किंवा बांधावर नाकतोडा दिसला कीं तो पिकाचा वैरी समजून चिरडण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. भातखाचरांत ज्यांचें नुकसान झालें आहे, त्यांचा राग रास्तच होय. तथापि नाकतोड्यांच्या जाती पुष्कळ असून पिकांस मोठा उपद्रव देणाऱ्या त्यांत थोड्याच आहेत. बाकीच्यांचा निर्वाह मुख्यत्वेंकरून गवत व रानपाला यांवर चालतो. सबब मारण्यापूर्वीं ओळखणें अगत्याचें आहे.

मादी पोटाचें टोंक जमिनींत खुपसून अंड्यांचा पुंजका घालते व त्याभोंवतीं फेंस सोडते. तो वाळला म्हणजे त्याची पिशवी बनते. कित्येक जातींचीं अंडीं उन्हाळाभर जमिनींत राहून पावसाच्या ओलीनें फुटतात. पिलांस पंख नसतात, बाकी रूप आईबापांसारखेंच असतें. पांचसहा वेळां कात टाकल्यावर तीं पूर्ण वाढतात. या किड्याचे कान डोक्यावर नसून पोटाच्या दोन्ही बाजूंस असतात, हें पुष्कळांस नवल वाटेल.

कित्येकांस नाकतोडा पाहतांच टोळधाड आठवते. मे २०२० मध्यें अमरावती, वर्धा व नागपूर या जिल्ह्यांत वाळवंटी टोळांचे थवे उतरले होते. टोळ हा नाकतोड्याचाच भाऊबंद खरा. परंतु दाटी झाली म्हणजे रंग व वर्तन पालटून थवे करणें हा गुण मोजक्याच जातींत आहे. असा एकच कीटक दोन रूपें घेतो, हें बोरिस उव्हारॉव्ह या शास्त्रज्ञानें १९२१ सालीं दाखविलें. बांधावरील सामान्य नाकतोडा धाड घालीत नाहीं.

रुईच्या झुडुपावर पिवळ्या अंगावर निळसर पट्टे असलेला नाकतोडा दिसतो. रुईच्या चिकांतील विष तो आपल्या अंगांत साठवितो, व त्याचा भडक रंग भक्षकांस इशारा देतो. त्याचें मुख्य अन्न रुई. ती दुर्मिळ झाली तर तो अन्य पाल्याकडे वळतो. म्हणून बांधावरील रुई सरसकट तोडणें शहाणपणाचें नव्हे.

नाकतोड्याचें खरें महत्त्व मात्र पक्ष्यांच्या आहारांत आहे. गुरांमागें चालणारा गायबगळा त्यांवरच बराचसा जगतो. कोतवाल, साळुंकी व नीळकंठ हे पक्षी नाकतोड्यांबरोबर पिकावरील अळ्याही टिपतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धां आपल्या पिलांस किडेच भरविते. माळढोकाचाही नाकतोडा हा खाऊ आहे. बांधावर विष फवारून हें अन्न नाहींसें केलें, तर हे राखणदार दूर जातात व अळ्यांस मोकळें रान मिळतें.

येथें शत्रु व मित्र यांची सरळ वांटणीही होत नाहीं. तुरीचीं फुलें खाणारे काळे-तांबडे भुंगेरे आपणांस नकोसे वाटतात; परंतु त्यांच्याच अळ्या जमिनींत नाकतोड्याचीं अंडीं खातात.

तेव्हां शेतकरी बंधूंनीं पुढीलप्रमाणें वागावें. भातावरील हिरवट-पिवळा, मानेवर काळ्या आडव्या रेघा असलेला नाकतोडा जेथें दरवर्षीं येतो, तेथें उन्हाळ्यांत बांध खणून अंडीं उघडीं करावीं; ऊन व पक्षी उरलेलें काम करतात. इतरत्र बांधावरील गवत एकदम न कापतां अर्धें अर्धें कापावें. बागेंतील कोंवळीं रोपें जाळीनें झांकावीं. संख्या फारच वाढली तर थंडीच्या दिवसांत पहांटे किडा सुस्त असतां हातानें वेंचून कोंबड्यांस घालावा. बांधावर विषाची फवारणी मुळींच करूं नये. चार पानें कुरतडलीं म्हणून भिऊं नये. पीक बुडतें आहे कीं नाहीं हें मोजून पाहावें आणि मगच हात उचलावा.