हवा, रबर आणि जमीन : नव्या ऑफ-रोड गाडीची पहिली तयारी

पावणेदोन टनांची ऑफ-रोड गाडी जमिनीला टेकते ती जेमतेम चार तळहातांएवढ्या जागेवर. इंजिनाची ताकद, चारही चाकांना मिळणारी ओढ, ब्रेकची पकड, स्टिअरिंगचे वळण हे सारे त्या चार ठशांतूनच मातीपर्यंत पोहोचते. नवी गाडी दारात आली की मन जादा दिवे, भारी बंपर आणि उंच सस्पेन्शन यांच्याकडे धावते. गाडीची कुवत मात्र सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बदलते ती टायर आणि त्यातल्या हवेमुळे.

टायरवरचे आकडे

नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी महिंद्रा थार हे आपल्याकडचे परिचित उदाहरण. २०२० साली आलेल्या तिच्या नव्या पिढीत टायरचे दोन आकार होते : २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, रुंदीच्या किती टक्के उंच आहे. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. हिशेब केला तर पहिल्या टायरची एकूण उंची सुमारे ७७४ मिलिमीटर भरते, दुसऱ्याची ७८९. मोठ्या रिमची गाडी दिमाखदार दिसते, पण तिची साइडवॉल १६६ मिलिमीटरच आहे. सोळा इंची रिमवर ती १८४ मिलिमीटर मिळते. खडकाळ वाटेवर हे जादाचे रबर दगडाचा मार झेलते आणि रिम वाचवते.

आकारातला ‘आर’ रेडियल रचनेचा. मिशलँ या फ्रेंच कंपनीने १९४६ साली तिचे पेटंट घेतले. या रचनेत टायरमधले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि जमिनीला लागणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळ सपाट टेकतो. आकारापुढे ‘१११ एस’ असे लिहिलेले असेल, तर तो टायर १०९० किलो भार आणि ताशी १८० किलोमीटर वेग यांसाठी बनवलेला असतो. चार आकडी शिक्का बनावटीची तारीख देतो : २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. टायर घेताना दुकानातच हा शिक्का पाहावा, कारण नुसते पडून राहिलेले रबरही कडक होत जाते.

नक्षी आणि माती

नक्षीवरून टायरच्या तीन जाती पडतात. हायवे टेरेन टायरची नक्षी दाट असते. तो शांत चालतो आणि ओल्या डांबरावर चांगला थांबतो. मड टेरेनचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद असतात. ऑल टेरेन या दोहोंच्या मधला.

यांतला कोणता घ्यावा, हे आपल्या वाटेवरची माती ठरवते. दख्खनच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि चाकाला चिकटून बसते. दाट नक्षी तिने भरली की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागच्या जागी चाके फिरवत राहते. रुंद खाचांचा टायर फिरता फिरता हा चिखल बाहेर फेकतो. सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या धारदार कडांवर प्रश्न वेगळा येतो. तळाचे पंक्चर जागेवर काढता येते, पण चिरलेल्या साइडवॉलची भरवशाची दुरुस्ती होत नाही. तिथे मजबूत साइडवॉलचा टायर हवा. आणि गाडी रोज शहरात, सुट्टीला घाटात आणि पावसाळ्यात एखाद्या कच्च्या वाटेवर जाणार असेल, तर ऑल टेरेन हीच शहाणी निवड. मड टेरेन टायरचे रबर डांबराला कमी टेकते, म्हणून पावसात ओल्या घाटरस्त्यावर गाडी थांबायला अंतर जास्त लागते.

मोठ्या टायरचा मोहही जपून करावा. व्यास १० टक्के वाढला तर काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावते. चढावरची ओढ त्याच प्रमाणात घटते, ब्रेकवरचा ताण वाढतो आणि वळणावर टायर मडगार्डला घासू शकतो. स्टेपनीही त्याच आकाराची हवी. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना जखडले जातात, अशा वेळी एका चाकाचा व्यास निराळा असला तर गिअरच्या यंत्रणेवर नाहक ताण येतो.

वाळवंटाने शिकवलेला धडा

राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले. त्या गाड्यांना चारही चाकांची ओढ नव्हती. टायरमधली हवा कमी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली पोलादी पट्ट्या सारणे, या दोन युक्त्यांच्या जोरावर त्यांनी दुर्गम समजले जाणारे वाळूचे डोंगर पार केले. पुढे १९४० साली त्यांनी उभारलेल्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ने हेच तंत्र युद्धात वापरले. १९४२ च्या सुमारास अमेरिकेने बनवलेल्या ‘डक’ या जमिनीवर आणि पाण्यात चालणाऱ्या ट्रकमध्ये तर चालकाला जागेवर बसूनच हवा कमी-जास्त करता येत असे.

यामागचे गणित सोपे आणि थक्क करणारे आहे. एका चाकावर सुमारे ४४० किलो भार आणि ३२ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) हवा असेल, तर ठसा साधारण १९५ चौरस सेंटिमीटरचा पडतो. हवा १६ पीएसआयवर आणली की तो जवळजवळ दुप्पट होतो, आणि वाढतो मुख्यतः लांबीत. मऊ जमिनीवरचा दाब निम्म्यावर येतो, गाडी वर तरंगल्यासारखी चालते. खडकावर तेच मऊ रबर दगडाचा उंचसखलपणा धरून ठेवते. एवढा फरक पाडणाऱ्या या बदलाला एक रुपयाही लागत नाही.

कच्च्या वाटेला २० ते २५ आणि सैल वाळूला १५ ते १८ पीएसआय ही सुरुवात ठीक. हवा उतरवली की वेग कमी ठेवावा आणि झटक्यात वळू नये, नाहीतर टायरची कड रिमवरून निसटते. डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो.

पहिला खर्च कशावर

म्हणून टायरनंतरची पहिली खरेदी अचूक प्रेशर गेज आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा दमदार कंप्रेसर यांची. मग सुटकेचे साहित्य : पंक्चर किट, फावडे, चाकाखाली सारायचे ट्रॅक्शन बोर्ड, शॅकल आणि ताणला जाणारा नायलॉनचा कायनेटिक दोर. दोर अडकवायचा तो चासीला पक्क्या जोडलेल्या, भार सांगितलेल्या हुकातच. ट्रेलरच्या टो-बॉलला दोर बांधून ओढणे जिवावर बेतू शकते. तो बॉल तुटला तर गोळीसारखा सुटतो.

बुलबारला मात्र फाटा द्यावा. तो धडकेचा जोर बदलतो, एअरबॅगच्या कामात अडथळा आणतो आणि पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्याविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना कळवले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्यामुळे टायरसुद्धा कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या आकाराचेच बसवावेत. ऑफ-रोडचा छंद रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाच्या जिवाला घोर लावणारा नसावा.

यापुढचा खर्च गाडीलाच ठरवू द्यावा. योग्य टायर आणि योग्य हवा घेऊन पहिला पावसाळा अनुभवी मंडळींबरोबर काढावा आणि गाडी नेमकी कुठे अडते ते पाहावे. पोट दगडाला घासत असेल तर इंजिनाखाली जाड संरक्षक पत्रा हवा. एक चाक हवेत गेल्यावर गाडी थांबत असेल तर लॉकिंग डिफरन्शियलचा विचार करावा. आणि गाडी कुठेच अडली नाही, तर पैसे डिझेलसाठी राखून पुढची वाट धरावी.